माती, गादी आणि जॅकेट : कुस्तीच्या पायावर ज्युदो आणि जिउ-जित्सू कसे जोडावे

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी फ्रीस्टाइल कुस्तीच्या ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच गटाचे सुवर्णपदक कोणी नेले, हे मात्र तालमीतही फारसे कोणी विचारत नाही. ते जपानच्या शोहाची इशीईने नेले, आणि इशीई मूळचा ज्युदोचा खेळाडू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्तराष्ट्रांच्या अमलात जपानमधील शाळांतून ज्युदोवर बंदी आली आणि तो कुस्तीकडे वळला. म्हणजे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा, मातीत घडलेला मल्ल आणि ज्युदोत घडलेला मल्ल हे दोघे तिसऱ्याच एका पद्धतीच्या गादीवर एकमेकांना भिडले, आणि दोघांनाही तिथे पदक मिळाले.

अंगाला अंग भिडवून खेळल्या जाणाऱ्या या सर्व विद्यांना या लेखात सोयीसाठी झोंबीच्या विद्या म्हटले आहे. त्यांत शरीर तेच असते आणि तोलही तोच असतो. प्रत्येक विद्येत निकाल कुठे लागतो, एवढ्या एका गोष्टीतून त्यांचे बाकीचे सारे वेगळेपण निघते. ज्याला एका विद्येच्या पायावर दुसरी जोडायची आहे, त्याने डाव शिकण्याआधी निकाल समजून घ्यावा. पुढील मांडणी प्रामुख्याने तालमीतून आलेल्या पैलवानासाठी असली, तरी ज्युदो किंवा जिउ-जित्सूकडून कुस्तीकडे येणाऱ्यालाही तीच वाट उलट दिशेने चालता येईल.

पहिली पायरी : निकालाची वही

एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक विद्येपुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : लढत कशाने संपते, काय वर्ज्य आहे, आणि पाठ दाखवली तर काय होते.

मातीच्या कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की चितपट, आणि तिथे सारे संपले. फ्रीस्टाइलमध्येही चितपट आहेच, पण खाली नेण्याचे आणि पाठ जमिनीकडे वळवण्याचे गुण मिळतात आणि १० गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच थांबते. ज्युदोत वेगाने आणि जोराने पाठीवर टाकले तर इप्पोन, म्हणजे पूर्ण विजय. शिवाय पाठीवर २० सेकंद दाबून धरणे, गळा आवळणे किंवा कोपराला कुलूप लावणे (म्हणजे सांधा अडकवून ताणणे) यांनीही विजय मिळतो. ब्राझिलियन जिउ-जित्सूत त्याच सुंदर फेकीला अवघे २ गुण मिळतात आणि लढत पुढे चालूच राहते. पाठीवर स्वार होऊन दोन्ही पाय आत अडकवले तर ४ गुण मिळतात आणि खरा शेवट प्रतिस्पर्ध्याने हात आपटून हार मानल्यावर होतो. साम्बो या रशियन कुस्तीप्रकारात ज्युदोसारखे धरायला जॅकेट असते, पायांची कुलुपे चालतात, पण त्याच्या क्रीडाप्रकारात गळा आवळता येत नाही.

ही वही कोरडी वाटते, पण ती न लिहिल्याची किंमत मी मोजलेली आहे. कोल्हापूरच्या एका तालमीत आठ वर्षे अंगाला माती लावून मी नोकरीनिमित्त पुण्याला आलो आणि जिउ-जित्सूच्या एका वर्गात दाखल झालो. पहिल्याच संध्याकाळी माझ्याहून पंधरा किलोंनी हलक्या असलेल्या एका मुलाला मी दोनदा उचलून टाकले, आणि दोन्ही वेळा मिनिटभरात त्याच्या हाताचा फास माझ्या गळ्याभोवती होता. चूक एकच होती आणि ती माझ्या हाडीमाशी खिळलेली होती : खाली सापडलो की मी पालथा होत होतो. तालमीत पालथे होणे हे शहाणपण असते, कारण खांदे वाचतात. ज्युदोत पालथे राहून काही क्षण काढले आणि वरच्याची प्रगती दिसली नाही, तर पंच ‘मात्ते’ म्हणून दोघांना उभे करतात, म्हणजे तिथेही ते बऱ्यापैकी खपते. जिउ-जित्सूत मात्र पालथे होणे म्हणजे घराची किल्ली चोराच्या हातात ठेवणे होय. शरीराची एकच हालचाल तीन घरांत तीन वेगळ्या किमतीला जाते, आणि वहीत हेच लिहायचे असते.

दुसरी पायरी : आधी पडायला शिकावे

ज्युदोकडून सर्वांत प्रथम घ्यावी अशी गोष्ट म्हणजे पडणे. पैलवानाला हे पटवणे अवघड जाते, कारण लहानपणापासून पाठ न टेकण्याचाच संस्कार असतो. टाकला जाताना तो हवेत अंग पिळून पोटावर यायला पाहतो, नाहीतर हात टेकवतो. उकरलेल्या, भुसभुशीत मातीत हे निभावून जाते. गादीवर वेगाने टाकले असता तोच टेकवलेला हात मनगटात, कोपरात किंवा गळपट्टीच्या हाडात मोडतो.

पडण्याचा सराव उकिडवे बसून सुरू करावा. हनुवटी छातीला लावावी, पाठ गोल करावी, मागे लवंडावे आणि पाठ टेकताच दोन्ही हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर, तळवे खाली करून गादीवर आपटावेत. त्याच क्षणी श्वास सोडावा. हात खांद्यांच्या रेषेत पसरले तर खांद्याला हिसका बसतो आणि अंगाला चिकटवले तर कोपर बरगडीत रुततो. उकिडव्याने जमले की उभ्याने, मग कुशीवर आणि शेवटी जोडीदाराने हळू टाकल्यावर, असा क्रम ठेवावा. दर सरावात वीस-पंचवीस वेळा, असे किमान दोन आठवडे तरी करावे. ज्यांनी तिशी ओलांडून, तालमीची काहीही पूर्वपीठिका नसताना सुरुवात केली आहे, त्यांनी तर मी म्हणेन की महिनाभर दुसरे काही शिकूच नये.

तिसरी पायरी : तोल मोजणे

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान स्थापन केले आणि फेकीचे तीन भाग करून शिकवले : कुझुशी म्हणजे समोरच्याचा तोल बिघडवणे, त्सुकुरी म्हणजे त्या बिघडलेल्या तोलाखाली आपले अंग बसवणे, आणि काके म्हणजे प्रत्यक्ष टाकणे. आपल्या तालमीत या टप्प्यांना अशी नावे नाहीत, पण खडाखडीत दुसरे काय चालते? मानेवर हात, कपाळाला कपाळ, कधी रेटा, कधी ओढ, आणि त्यातून समोरच्याचा पाय कधी हलका होतो याचा अंदाज. ज्युदोने ती गोष्ट सुटी करून दाखवली, आणि सुटी केलेली गोष्ट शिकवायला सोपी जाते, हे मान्य करावे लागते.

यासाठी एक सराव सर्वांना लागू पडतो. जोडीदारासमोर उभे राहून एका हाताने त्याची मान आणि दुसऱ्या हाताने कोपर धरावे. जॅकेट असेल तर कॉलर आणि बाही धरावी. ताकद न लावता त्याला चार पावले मागे आणि चार पावले पुढे चालवावे, आणि त्याच्या उजव्या पायाकडे लक्ष ठेवून प्रत्येक पावलाला मोठ्याने ‘भार’ किंवा ‘मोकळा’ म्हणावे. आठवडाभराने खाली न बघता, केवळ हातांना जाणवणाऱ्या ओढीवरून सांगावे. तिसऱ्या आठवड्यात जोडीदाराने वेग आणि दिशा मनाप्रमाणे बदलावी.

हा सराव करताना दोन विद्यांमधला एक बारीक फरक हाताला लागतो. ज्युदोतील पाय झाडण्याच्या फेकीला मोकळा पाय लागतो, आणि तोही टेकता टेकता, म्हणजे तळवा जमिनीला लागला आहे पण भार अजून आलेला नाही अशा क्षणी. एकेरी पटाला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडण्याच्या डावाला, मात्र भाराचा पाय लागतो, कारण ज्या पायावर अंगाचे वजन आहे तो मागे घेता येत नाही. म्हणजे एकाच चालीतली एक वेळ ज्युदोची आणि लगेच पुढची वेळ कुस्तीची. ज्याला दोन्ही ओळखता येतात त्याच्यासमोर उभे राहणाऱ्याला पाऊल टाकायलाच भीती वाटू लागते.

बगल, मान आणि कंबर यांच्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण इथे कोणत्याही विद्येचे दुमत नाही. ज्याचा हात आतून बगलेत, तो पुढे. ज्याची मान वाकली, तो मागे. आणि ज्याची कंबर समोरच्याच्या कंबरेखाली, तो उचलणार. जोर मारताना कंबर जमिनीकडे झुकवून पुढे नेण्याची जी सवय लागते, तीच पट सोडवण्यासाठी पाय मागे फेकून कंबरेचा भार प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर टाकताना उपयोगी पडते. जोर-बैठका जुन्या झाल्या असे म्हणणाऱ्यांनी एकदा मोजून तीनशे काढाव्यात आणि मग बोलावे.

चौथी पायरी : एकच डाव तीन घरांत खेळून पाहणे

नवीन विद्येत गेल्यावर नवे डाव गोळा करण्याचा मोह होतो. त्याऐवजी आपला हातखंडा असलेला एकच डाव घेऊन तो त्या घराच्या नियमांत बसवावा. उदाहरणासाठी प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन पुढे टाकण्याचा धोबीपछाड घेऊ, ज्याचे ज्युदोतील भावंड इप्पोन सेओई नागे होय.

समजा प्रतिस्पर्ध्याचा उजवा हात आपल्या मानेवर आहे. डाव्या हाताने त्याचे मनगट किंवा बाही धरून किंचित वर आणि आपल्याकडे ओढावे. त्याची उजवी टाच सुटली की आपले उजवे पाऊल त्याच्या उजव्या पावलासमोर टाकून वळावे आणि डावे पाऊल मागे आणून त्याच्या डाव्या पावलासमोर ठेवावे. वळताना उजवा हात त्याच्या काखेखालून घालून दंड कोपराच्या खोबणीत घट्ट धरावा. गुडघे वाकलेले, आपली कंबर त्याच्या कंबरेखाली, त्याची छाती आपल्या पाठीला चिकटलेली. आता ओढ न सोडता गुडघे ताठ करावेत आणि नजर डाव्या बाजूच्या जमिनीकडे न्यावी. मान जिकडे जाते तिकडे अंग जाते. बहुतेकांचा डाव फसतो तो छाती आणि पाठ यांच्यात वीतभर पोकळी राहिल्यामुळे. ती पोकळी ताकदीने भरून निघत नाही.

मातीत घामाने हात निसटतो, म्हणून मल्ल हाताला माती चोळतो आणि दंड दोन्ही हातांनी कवटाळतो. त्यासाठी त्याला फार जवळ जावे लागते. ज्युदोत बाही असल्याने हाच डाव थोड्या दुरून मारता येतो आणि टाकलेल्याला बाहीने सावरूनही धरता येते. जिउ-जित्सूत धोका वेगळा आहे : डाव अर्धवट राहिला तर आपण स्वतःहून पाठ दिलेली असते. म्हणून फसलेल्या धोबीपछाडीला एक पुढची पायरी जोडून ठेवावी. कुस्तीत आणि जिउ-जित्सूत तिथूनच समोर वळून एकेरी पटावर उतरता येते. आंतरराष्ट्रीय ज्युदोत पायाला हात लावण्यावर २०१० मध्ये निर्बंध आले आणि २०१३ पासून ते पूर्णपणे वर्ज्य झाले. त्यामुळे तिथे पटाऐवजी पायाने पाय आतून अडकवून मागे पाडणारी ओउची गारी लावावी, जी आपल्या आतल्या टांगेच्या जवळची आहे.

अशीच जोडी कलाजंग आणि काता-गुरुमा यांची आहे. प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवा घेऊन टाकण्याचा हा डाव कानो यांनी एका भारी प्रतिस्पर्ध्यावर उपाय शोधताना पाश्चात्त्य कुस्तीतून उचलला, असे ज्युदोच्या परंपरेत सांगितले जाते. साम्बोच्या बांधणीत तर ही देवाणघेवाण उघडच आहे : कोडोकानमध्ये शिकलेला वासिली ओश्चेप्कोव हा त्याच्या मूळ घडवणाऱ्यांपैकी एक होता, आणि त्यात जॉर्जियाच्या चिदाओबासारख्या स्थानिक कुस्त्या मिसळल्या गेल्या. या साम्बोपटूंना घेऊन सोव्हिएत संघ १९६४ मध्ये टोकियोच्या पहिल्या ऑलिंपिक ज्युदोत उतरला आणि चार कांस्यपदके घेऊन परतला.

पटाच्या बाबतीत एकच दुरुस्ती, पण ती टाळू नये. तालमीत डोके खाली घालून, समोरच्याच्या बगलेबाहेर ठेवून पट काढला तरी फार बिघडत नाही. जिउ-जित्सूत ती मान थेट काखेत सापडते आणि गळा आवळला जातो. पट काढताना कान त्याच्या बरगडीला चिकटलेला, पाठ सरळ आणि नजर वर असावी; एकेरी पटात डोके नेहमी आतल्या बाजूस असावे. ही सवय फ्रीस्टाइललाही मानवते, त्यामुळे इथे दोन घरांसाठी दोन पद्धती ठेवण्याचे कारण नाही.

पाचवी पायरी : जमिनीवरचे काम

१९१० मध्ये लंडनला आपला गामा पैलवान आणि पोलंडचा मल्ल झबिस्को यांची लढत झाली. गामाने त्याला लवकरच खाली आणले, पण झबिस्को गादीला घट्ट धरून बसला आणि दोन तासांहून अधिक वेळ गामाला तो उलटवता आला नाही. लढत अनिर्णित राहिली. १९२८ मध्ये पतियाळात तेच दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला. मला या गोष्टीतील पहिला भाग अधिक शिकवणारा वाटतो. जिथे केवळ खांदे टेकल्यानेच निकाल लागतो, तिथे भारी आणि निश्चयी मनुष्य पालथा राहून जगज्जेत्यालाही थोपवू शकतो; गळा आणि सांधे खुले असते तर त्या दोन तासांचे चित्र वेगळे दिसले असते.

कोडोकानचा मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि पुढे बेलेम शहरात स्थायिक झाला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला आणि त्या घराण्याने जमिनीवरच्या भागाला स्वतंत्र विद्येचे रूप दिले. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये ज्युदोच्या मासाहिको किमुराने एलिओ ग्रेसीला ज्या कुलुपाने हरवले, त्याला जिउ-जित्सूवाल्यांनी विजेत्याचेच नाव दिले. इंग्लंड-अमेरिकेतील जुन्या कॅच कुस्तीतही ते होतेच. १९७६ मध्ये कराचीत जपानच्या अंतोनियो इनोकीने गामाच्या घराण्यातील अक्रम पैलवानाला तेच लावले; अक्रमने हार मानली नाही, खांदा दुखावला आणि लढत थांबवावी लागली.

किमुरा हे कुलूप पैलवानाने सर्वांत आधी शिकावे, कारण त्याची पकड पैलवानाला लवकर समजते. प्रतिस्पर्ध्याचे मनगट एका हाताने धरावे. दुसरा हात त्याच्या दंडावरून पलीकडे घालून खालून बाहेर काढावा आणि स्वतःच्याच मनगटाला पकडावा. त्याचा कोपर काटकोनात आपल्या छातीला चिकटलेला ठेवावा, आणि मग केवळ हातांनी न पिळता सगळे अंग वळवून त्याचे मनगट त्याच्या पाठीमागून डोक्याच्या दिशेला न्यावे. शेवटचा भाग सरावात नेहमी सावकाश करावा. खांदा जाताना आधी फार सूचना देत नाही.

याच्याच जोडीने हात आपटण्याची सवय लावून घ्यावी. तालमीत शरण जाण्याची अशी खूण नसते, आणि दात-ओठ खाऊन सुटणे हा गुण मानला जातो. कुलपाच्या विद्येत तो दोष ठरतो. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. पहिले सहा महिने वेदना होण्याआधी, पकड पूर्ण बसली एवढे कळताच दोनदा हात आपटावा.

पैलवानाची जमिनीवरची मोठी ठेव म्हणजे वरून दाब देणे. फक्त एक बदल लागतो : कुस्तीत खांदे टेकले की काम झाले म्हणून अंग सैल पडते, ज्युदोत तिथून २० सेकंद मोजायची असतात. छातीला छाती आडवी लावल्यावर गुडघे गादीवरून उचलून चवड्यांवर यावे, म्हणजे आपले वजन गुडघ्यांत न मुरता त्याच्या छातीत उतरते. याउलट पाठीवर पडून पायांनी लढणे, ज्याला गार्ड म्हणतात, ते त्याला शून्यापासून शिकावे लागते. त्यासाठी दोन महिने प्रत्येक सराव लढत मुद्दाम पाठीवरून सुरू करावी. अहंकार दुखतो, पण पालथे होण्याची सवय दुसऱ्या कशानेही जात नाही, निदान माझी गेली नाही.

उलट दिशेने येणाऱ्या जिउ-जित्सूपटूला तालमीतून पाय हवे असतात. उभ्याने काही जमले नाही की खाली बसून घ्यायची त्याला सवय असते. मातीत बसायला जागाच नसते, आणि तीन महिन्यांत त्याच्या चालण्यात फरक दिसतो.

आठवड्याची आखणी आणि अंगाची निगा

एका वेळी एकच पाहुणी विद्या घ्यावी. आठवड्यातून तीन दिवस मूळ विद्या, दोन दिवस पाहुणी आणि किमान एक दिवस पूर्ण विश्रांती, असे सहा महिने चालू द्यावे. पायांची कुलुपे, विशेषतः टाच पिळण्याची, पहिल्या वर्षी बाजूला ठेवावीत. गुडघ्याचे नुकसान वेदनेच्या आधी होते. जॅकेटच्या विद्येत बोटे लवकर थकतात, त्यासाठी दोरीचा मल्लखांब हा आपल्याकडचा उत्तम उपाय आहे.

मातीतून थेट गादीवर जाऊ नये. आंघोळ करून, नखे कापून, धुतलेल्या जॅकेटमध्ये जावे. अंगावर गजकर्णाची गोल चकती दिसली तर ती पूर्ण बरी होईपर्यंत घरी बसावे, कारण गादीवर ती आठवडाभरात सगळ्यांना होते. कान सुजून पाणी भरले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मोडलेला कान तालमीत मिरवता येतो हे खरे, पण हेल्मेट घालताना तो रोज आठवण करून देतो.

सहा महिन्यांनी आपल्या जुन्या तालमीत जाऊन जुन्याच जोडीदाराशी दहा मिनिटे खेळावे आणि त्याला एवढेच विचारावे की आपला पट त्याला आता आधी कळतो की उशिरा. तो जे सांगेल ते त्याच वहीत, निकालाच्या पानाखाली, तारखेसह लिहून ठेवावे.